पहिली गाडी, जुनी आणि पळणारी

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगा पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करतोय. त्याला नवी छोटी हॅचबॅक नको, जुनी पण पळणारी गाडी हवी आहे. गाडी, दुरुस्ती, इन्शुरन्स सगळं धरून बजेट पाच लाख. मुलाने तीन गाड्या हेरून ठेवल्यात: २००२ ची होंडा सिटी व्हीटेक पावणेदोन लाखांना, २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस सव्वातीन लाखांना आणि २००९ ची बीएमडब्ल्यू ३२०आय साडेचार लाखांना. ‘यातली कोणती घेऊ?’

उत्तर आधीच सांगून टाकतो: पहिली गाडी म्हणून यातली एकही नको. पण ‘मग गुपचूप एखादी ऑल्टो घे’ असंही म्हणणार नाही. व्हीटेक म्हणजे काय (होंडाचं वर फिरवल्यावर जोर देणारं इंजिन), आरएस म्हणजे काय (स्कोडाचं जास्त ताकदीचं रूप) हे ज्याला कळतं तो मुलगा गाडीचे आवाज ऐकतो, ऑइल तपासतो, टायरमध्ये हवा भरतो. ही आवड मोडू नका. फक्त तिला योग्य वर्षाची गाडी द्या.

वरवर हा मॉडेल निवडायचा प्रश्न दिसतो, पण गाठ दुसरीकडे आहे. नवा चालक पहिलं वर्षभर चुका करणारच, आणि वीस वर्षांची गाडीही अधूनमधून दगा देणारच. दोन्ही एकाच वेळी आलं की नव्या माणसाला चूक आपली की गाडीची हेच उमगत नाही. ब्रेकचं पेडल दोन बोटं जास्त खाली जातंय, तर मुरलेला माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. अठरा वर्षांच्या पोराला तो गाडीचा स्वभाव वाटतो. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, तर तो नकळत उजवीकडे धरून चालवायला शिकतो आणि तीच सवय हाताला लागते. टेम्परेचरचा काटा चढतोय तेव्हा त्याचं लक्ष आरशात असतं, आणि तिथेच असायला हवं. म्हणून पहिल्या गाडीत मजा स्टिअरिंगमध्ये आणि गिअरमध्ये हवी, बोनेटखाली नवल नको.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. घरात ज्याला गाडीतलं खरंच कळतं असं कोणी आहे का? रोज कॉलेजला न्यायची की फक्त रविवारी काढायची? पार्किंग बंदिस्त आहे की पावसात उघड्यावर? घरात दुसरी गाडी आहे का, म्हणजे ही चार दिवस गॅरेजला पडली तरी कोणाचं अडणार नाही? चारही उत्तरं सोयीची असतील तर ऑक्टाव्हियाचाही विचार करता येईल, पण पहिल्या वर्षानंतर. एकही सोयीचं नसेल तर खालचं सगळं अधिकच लागू.

कायद्याचं एक आत्ताच सांगतो, कारण ‘पुढच्या महिन्यात’ हा शब्द धोक्याचा आहे. गाडी आधी आणून ठेवायची आणि सोसायटीच्या आवारात ‘जरा हात बसू दे’ म्हणायचं, हे करू नका. आवारातून गेटबाहेर जायला दोन मिनिटं लागत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९ क (इंग्रजीत 199A) प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. वाढदिवसानंतर लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मधल्या काळात पुढे-मागे ‘एल’ आणि शेजारच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवाच, नाहीतर अपघात झाल्यास इन्शुरन्स कंपनी हात वर करेल.

आता तीन गाड्या.

सिटी व्हीटेक ही तिघींत सगळ्यात गोड. दीड लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती, अंगाने हलकी, गिअर लोण्यासारखे. पण २००२ ची गाडी म्हणजे एअरबॅगची अपेक्षाच ठेवू नका. इंजिनला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) आहे आणि तो शेवटचा कधी बदलला हे चौथ्या-पाचव्या मालकाला सांगता येत नाही. उन्हात तापलेली गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी सुरूच होईना, थंड झाल्यावर मात्र झाली, ही त्या काळच्या होंडांची ओळखीची तक्रार आहे. इंधनपंपाला वीज देणाऱ्या मेन रिलेच्या आतलं सोल्डरिंग तडकलेलं असतं. दुरुस्ती फुटकळ आहे, पण मुलगा माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली भर दुपारी अडकला तर त्याला ते फुटकळ वाटणार नाही. बॉडीचे भाग, काचेची रबरं, दिवे यांसाठी कुर्ल्याचा जुना बाजार पालथा घालावा लागतो. आणि इथली २००५ च्या आधीची गाडी म्हटली की २६ जुलै आठवायचा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पाण्यात गेलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या.

ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो (जादा हवा दाबून भरणारं) इंजिन मुळात दणकट आहे, १५० अश्वशक्तीचं. घात करतात त्याच्याभोवतीचे प्लास्टिक आणि रबरी भाग. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकाला असलेला कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) प्लास्टिक जोड तडकतो, व्हॅक्यूमचे पाइप वाळून चिरतात, इग्निशन कॉइल एकेक करून जातात. कॉइल गेली की गाडी तीन सिलिंडरवर धडधडत चालते. अशी तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरची (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) वाट लावतं. टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून हेडचं काम निघतं, म्हणून पुरावा नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप गाडी घेताक्षणी एकत्र बदलायचे. टर्बोला फोक्सवॅगन ५०२.०० दर्जाचं फुल सिंथेटिक ऑइल लागतं, तेही सात-आठ हजार किलोमीटरला बदलायचं. आधीच्या मालकाने दोन वर्षं साधं ऑइल घातलं असेल तर ते आज दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतं.

पण नव्या चालकासाठी माझा आक्षेप खर्चाचा नाही, टर्बोच्या स्वभावाचा आहे. जुन्या टर्बोमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी काहीच होत नाही, मग एकदम लोंढा येतो. नवशिक्या ‘काहीच होत नाही’ या क्षणी आणखी दाबतो. ओल्या रस्त्यावर, वळणात, पुढची चाकं सगळी ताकद टाकत असताना तो लोंढा आला की गाडी वळायचं सोडून सरळ जाते. साध्या पेट्रोल इंजिनात पाय आणि ताकद यांचं नातं सरळ असतं, आणि शिकायला तेच हवं.

बीएमडब्ल्यूबद्दल थोडक्यात. सुरक्षिततेच्या हिशेबाने तिघींत हीच वरचढ: मजबूत सांगाडा, एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), घसरणारी गाडी सावरणारी स्थिरता-यंत्रणा. म्हणूनच वडिलांना ती पटते. पण साडेचार लाखांना गाडी घेऊन हातात पन्नास हजार उरत असतील तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, एवढंच त्याचं गणित. व्हॉल्व्ह कव्हरमधून ऑइल गळणं आणि व्हॉल्व्हचे सील जाणं हे या इंजिनाचं दुखणं. तपासायचं असेल तर दहा-बारा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा आणि मग जोरात रेस करा. मागून निळा धूर निघाला तर सील गेलेत. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर इथल्या खड्ड्यांत फुगवटे धरतात. मागच्या चाकांवर ताकद असलेली गाडी पावसात ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर कशी वागते, हा धडा पहिल्याच वर्षी नको.

मग काय घ्यायचं? माझी पसंती २०११ ते २०१३ मधल्या होंडा सिटीला, १.५ आय-व्हीटेक, मॅन्युअल. मुलाला व्हीटेकच हवी होती ना? ही तिची धाकटी बहीण समजा: ११८ अश्वशक्ती, टर्बो नाही, टायमिंग बेल्टऐवजी चेन, बहुतेक व्हेरिएंटमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस. काही स्वस्त व्हेरिएंटमधून ही साधनं गाळली होती, म्हणून जाहिरातीवर न जाता गाडीत बघून घ्या. इंजिन वर फिरवलं की मजेत ओरडतं, खाली धरलं तर आईलाही बाजारात नेता येते. सर्व्हिस सेंटर आणि पार्ट दोन्ही ठाणे-वाशीत सहज मिळतात. चांगली गाडी तीन ते सव्वातीन लाखांत बसावी. दुसरा पर्याय त्याच काळातली फोक्सवॅगन पोलो १.६, १०५ अश्वशक्तीची. ती अंगाने भरीव, वळणात जास्त घट्ट, पण सुटे भाग महाग. पोलोत एअरबॅग असलेलीच घ्यायची. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. सांगाडा दोन्हींचा तोच होता. पोलो जीटी टीएसआय मात्र या यादीत नको. तिचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचवर चालतो, घोडबंदरच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो आणि त्याचं मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा मेंदू) गेलं की गाडीच्या किमतीच्या हिशेबात बोलावं लागतं.

सिटीबाबत एक गोष्ट कोणताही दलाल स्वतःहून सांगणार नाही. त्या काळच्या होंडा सिटी, सिव्हिक, जॅझ यांत टकाटा कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर होते, आणि ते होंडाने परत बोलावून फुकट बदलून दिले. इन्फ्लेटरमधलं स्फोटक वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहिलं की बिघडतं. मग एअरबॅग फुगताना धातूचं कवचच फुटून तुकडे चालकाच्या अंगावर येऊ शकतात. उष्ण आणि दमट म्हणजे आपलं ठाणे. गाडीचा चासी नंबर होंडाच्या वेबसाइटवर टाकून किंवा सर्व्हिस सेंटरला देऊन ते काम झालंय का ते विचारा. नसेल तर मुलाच्या हातात किल्ली द्यायच्या आधी करून घ्या.

गाडी बघायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच बजावा, ‘सुरू करून ठेवू नका.’ पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर थंड इंजिनाचा खडखडाट आणि पहिला धूर तुमच्यापासून लपवला गेलाय. आता स्टार्ट न करता किल्ली फक्त ‘ऑन’ला न्या आणि मीटरकडे बघा. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. पण मुळात लागलाच नाही तर जास्त वाईट, कारण कोणीतरी बिघाड लपवायला दिवाच काढून टाकलाय. हा दिवा बघायला एक पैसा लागत नाही आणि दहातले नऊ जण तो बघत नाहीत.

मग सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. एरवी गुंडाळून आत राहणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात गेली होती. सीटच्या रुळांवर आतून गंज, कार्पेटखाली कुबट वास, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ या त्याच साक्षी. बेल्टच्या तळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर बनावटीची तारीख असते. गाडी २०१२ ची आणि पुढचे दोन्ही बेल्ट २०१७ चे असतील तर मधे जोरात ठोकलेली असण्याची शक्यता मोठी. काचांचंही तसंच. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो. एकीचा शिक्का बाकीच्यांशी जुळत नसेल तर त्या बाजूला काय झालं ते विचारा. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग खरवडलाय का बघा. बोनेटखालच्या एप्रनवर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर) कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके गोल आणि समान अंतरावर असतात. तिथे ओबडधोबड माळ दिसली तर पुढचा सांगाडा ओढून सरळ केलेला आहे. अशी गाडी स्वस्तातही नको. डेंटिंगवाल्याकडून मायक्रॉन मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, तीनशेच्या वर गेलं की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दारावर लांबी चालेल, छतावर आणि खांबांवर अजिबात नाही.

ठाण्यात आणखी एक बघायचं. डिकीच्या तळाला चार भोकं आणि त्यावर रबरी बूच असेल तर गाडीत सीएनजीची टाकी होती. आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ आहे आणि किट गायब, किंवा किट आहे आणि आरसीवर फक्त पेट्रोल, दोन्ही घोळ तुमच्या गळ्यात येतात. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह सीट झिजलेले असू शकतात, म्हणून अशा गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत हवेत. तीन सिलिंडर बारा बारवर आणि चौथा नऊवर असेल तर हात जोडून परत या.

थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. रंगीत, स्वच्छ पाणी हवं. तपकिरी असेल तर कोणीतरी नळाचं पाणी घालत होतं आणि रेडिएटर आतून गंजलाय. ऑइल फिलरच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळा थर दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडी साय बाष्पानेही धरते, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊ नका. काटा चढतो का आणि कूलंट कमी होतं का तेही बघा.

टेस्ट ड्राइव्ह किमान अर्धा तास हवी आणि त्यात रांगतं ट्रॅफिक हवंच. कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत संध्याकाळी जाऊन या, एसी लावून. काटा अर्ध्यावर स्थिर राहिला पाहिजे आणि फॅन आलटून पालटून चालू झाला पाहिजे. क्लच तपासायला मोकळ्या जागी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच प्लेट संपली. खडबडीत रस्त्यावर काचा खाली करून ऐका: पुढून कट्-कट् आवाज म्हणजे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना टक्-टक् आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. बुश स्वस्त असतात, घाबरू नका, किमतीत पाडून घ्या. आणि गाडी परत देण्याआधी एकदा तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर चढवून-उतरवून बघा, चार माणसं बसवून. पुढचा बंपर किंवा पोट घासलं तर रोज घासणार. स्टॅक पार्किंग असेल तर प्लॅटफॉर्मच्या कडेवरही बघा.

पेट्रोलचं काय, असं विचारणारच तुम्ही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या वयाच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रोजच्या वापरात ॲव्हरेज थोडं घटेल, ते सोसा. बघायचं ते रबर. इंधनाचे जुने पाइप फुगतात, मऊ पडतात, चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी तुकडे पहिल्याच सर्व्हिसला इथेनॉल चालणाऱ्या पाइपने बदला. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे मुलाला पक्कं सांगा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून पावसाळ्यात महिनाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

कागदपत्रांत पहिल्यांदा आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षं वाढते. तुमच्या यादीतली २००२ ची सिटी म्हणजे दोनदा नूतनीकरण झालेली असायला हवी. नसेल तर ती आज कायद्याने रस्त्यावर नाही. नूतनीकरणाची फी पंधरा वर्षांपुढे ५,००० आणि वीस वर्षांपुढे १०,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. २०१२ च्या सिटीची मुदत २०२७ पर्यंत, म्हणून हा खर्च आत्ताच हिशेबात धरा. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः डोळ्यांनी ताडून बघा. बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. एमएच ०४ ची गाडी घेतली तर ठाणे आरटीओतच काम होतं; एमएच ४३ म्हणजे वाशी, एमएच ४६ म्हणजे पनवेल. ई-चलन किती थकलंय ते ऑनलाइन बघून विकणाऱ्यालाच भरायला लावा. नव्या सुरक्षित नंबर प्लेटही बसवून घ्या, कारण एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना त्या सक्तीच्या आहेत. दिल्ली पासिंगची गाडी लाखभर स्वस्त दिसते. त्यामागे तिकडचे पंधरा वर्षांचे निर्बंध असतात; एनओसी, पुन्हा रोड टॅक्स आणि फेऱ्या मिळून तो लाख तिथेच जिरतो.

गाडी कोणाच्या नावावर? पहिली दोन वर्षं वडिलांच्या. इन्शुरन्स मात्र चौदा दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही. ‘बोनस चालू आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी. सिटी पहिल्या गटात येते, ऑक्टाव्हिया आणि बीएमडब्ल्यू दुसऱ्या. पहिल्या वर्षी फक्त थर्ड पार्टीवर भागवू नका, कारण पहिला ओरखडा कुठे बसेल सांगता येत नाही, बहुधा सोसायटीच्याच खांबावर.

पैशांची विभागणी साधारण अशी करा. गाडीला तीन ते सव्वातीन लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. चार टायर वीस-चोवीस हजार. विकणारा ‘टायर नवे आहेत’ म्हणाला तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षं उलटलेलं रबर ओल्या रस्त्यावर दगड असतं. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, प्लग, कूलंट, गिअरबॉक्स ऑइल, डॉट ४ ब्रेक फ्लुइड आणि वायपर मिळून दहा-पंधरा हजार. ब्रेक फ्लुइड पाणी शोषतं आणि उतारावर तापल्यावर पेडल मऊ पडतं, म्हणून रंग कसाही असो, बदलायचंच. ब्रेक पॅड, बुश, शॉकअपचे माउंट यांना पंचवीस हजार. बॅटरी, इन्शुरन्स, नावावर करणं मिळून पंचवीसेक हजार. उरलेले पंच्याऐंशी हजार ते एक लाख वीस हजार बँकेत पडू द्या. म्युझिक सिस्टिमला, मोठ्या अलॉय व्हीलला किंवा आवाजाच्या सायलेन्सरला त्यातून काही मिळणार नाही, हे व्यवहाराच्या आधीच ठरवून टाका. सायलेन्सर आणि गाडीच्या मूळ रचनेतले बदल तसेही कायद्यात बसत नाहीत, आणि त्यावर दावा नाकारायचं कारण इन्शुरन्स कंपनीला आयतं मिळतं.

गाडी घरी आली की पहिले तीन महिने फक्त दिवसा आणि एकाच मित्रासह, चार मित्र कोंबून नाही. नवी मुंबईचा पाम बीच रोड सरावासाठी नाही. तो सरळ आणि रुंद असल्यामुळेच तिथे नव्या मुलाला ऐंशी म्हणजे पन्नास वाटतात. हात बसवायला रविवारी सकाळचे एमआयडीसीतले आतले रस्ते बरे. आणि पावसाळा लागायच्या आत एक गोष्ट त्याला शेजारी बसून शिकवा. मोकळी, पाणी मारलेली जागा बघा, मागे कोणी नाही याची खात्री करा, वेग ४० पर्यंत न्या आणि त्याला ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायला सांगा. क्लचही दाबलेला. एबीएस चालू झालं की पायाखाली पेडल थरथरतं, खालून खर्रर आवाज येतो आणि घाबरून पहिल्यांदा प्रत्येक जण पाय उचलतो. पाय उचलायचा नाही. दाबून ठेवायचा आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवून समोर ठेवलेल्या बादलीला वळसा घालायचा. पाच-सहा वेळा, बादली न उडता जमेपर्यंत.